सदफची ताडपत्री

सर्फराज होडेकरचं काम कागदावर अगदी सोपं होतं. आखातातल्या फहाहीलच्या दक्षिणेला असलेल्या त्या छोट्या मरिनात बोट आली की दोर धरायचा, निघाली की सोडायचा, आणि धक्का धुऊन ठेवायचा. बोटीवर पाय ठेवायचा नाही. बोट मालकाची, धक्का मरिनाचा. सव्वीस वर्षांत हा नियम त्यानं कितीदा मोडला याची गणतीच नव्हती. तो कधी पकडला गेला नाही, कारण त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसतच नव्हती.

तो जयगडच्या खाडीकाठचा. बाप मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायच्या, ही गावाची रीत. एखाद्या घरचा माणूस आखातात अडकलेला असला, तर शेजारी आपली होडी शाकारता शाकारता त्याचीही शाकारून टाकत. त्यात विचारायचं काय? होडी उघडी राही ती एकाच कारणानं. मालक मेला, तर त्या साली तिच्यावर झाप पडत नसे. मग वाटेनं जाणारा परका माणूसही थांबून विचारी, "कोण गेलं?"

आणि इथे मरिनाच्या टोकाला शिडाच्या बारा बोटी उघड्या पडल्या होत्या, मालक जिवंत असून! तेलकंपन्यांतले साहेब लोक ते. करोनात घाईघाईनं विमानं धरून गेले. दोन महिन्यांत येतो म्हणाले. त्यातल्या एकानं आपलं मांजर पिंजऱ्यात घालून बरोबर नेलं, हे सर्फराजनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बोट मात्र राहिली. उन्हानं शिडांच्या चिंध्या झाल्या, धुळीच्या वादळांनी डेकवर माती बसली, त्यावर पक्ष्यांनी घाण केली. पाण्याखाली कालवांचे थर चढले. दोर हातात घेतला तर पापडासारखा मोडे. सर्फराजला त्या साहेबांचा भयंकर राग येई. बारा बोटी सांभाळणं एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यानं एकच सांभाळली.

तिचं नाव सदफ. लाकडी, बत्तीस फुटी. तिचा मालक अ‍ॅलनसाहेब आणि त्याची बायको दर शुक्रवारी तिला बाहेर काढत, आणि सर्फराजला कधीमधी बरोबर नेत. शीड वाऱ्यानं भरलं की त्याला बापाची आठवण येई, डोळे भरून येत, आणि तो खारं पाणी उडालं म्हणून सांगे. जाताना साहेब म्हणाला होता, "तिच्याकडे लक्ष ठेव." पुढे त्याचा फोन लागेनासा झाला. सर्फराजनं जलीबच्या बाजारातून हिरवी ताडपत्री आणली आणि बापानं शिकवलेल्या गाठींनी सदफला शाकारली. लाकूड जुनं, पाणी झिरपायचं. म्हणून रोज सकाळी आत उतरून तो हातपंप मारी. आधी दोनशे वेळा, हल्ली तीनशे. जयगडला फोन केला की बायको फरहत मुलांच्या आधी सदफची खुशाली विचारी.

गेल्या मार्चमध्ये ऑफिसातला नीलेश धक्क्यावर आला. पुण्याचा पोरगा, मंगफला राहायचा, सर्फराजला काका म्हणायचा. म्हणाला, "काका, गुरुवारी कमिटी येतेय. बेवारस बोटींची यादी करणार आणि सगळ्या उचलून नेणार."

उचलून नेणार म्हणजे काय, हे सर्फराजला ठाऊक होतं. पूर्वी एकदा नेल्या होत्या, त्या पलीकडच्या मैदानात बुलडोझरखाली घातल्या होत्या. तो आवाज त्याच्या कानातून अजून गेला नव्हता. त्यानं तीन दिवस जेवणाची सुट्टी घेतली नाही. सदफचं डेक घासलं, पितळ लिंबानं चकचकीत केलं, नवे दोर बांधले, ताडपत्री धुऊन ताणून बसवली. गुरुवारी कमिटी आली. चौघे जण सदफपाशी क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढे गेले. यादीत बाकीच्या अकरा लागल्या. सर्फराजनं सगळ्या धक्क्याला समोसे खाऊ घातले. फरहतला म्हणाला, "वाचली गो, पोरगी वाचली."

आठवड्यानं क्रेन आली. बोटी उचलून ट्रेलरवर ठेवताना माणसं इतकी जपत होती, की सर्फराजला शंका आली. भंगाराला कोण गादी घालतं? त्यानं नीलेशला गाठलं.

"कुठं नेतात रे?"

"शाळेत," नीलेश म्हणाला. "मुलांना शिडाची बोट चालवायला शिकवणारी नवी शाळा निघालीय. त्यांचे सुतार या सगळ्या दुरुस्त करणार. मस्त ना?"

सर्फराज धक्क्यावरच बसला. ज्या बोटीला कुशीत भोक होतं तीसुद्धा चालली होती.

"मग सदफ?"

"तिचा मालक आहे ना! कमिटीनं तसंच लिहिलंय. ताडपत्री, नवे दोर. म्हणजे कुणीतरी बघतंय."

"अरे, ती ताडपत्री मी घातलीय!"

नीलेशनं आजूबाजूला पाहिलं. "काका, हे मोठ्यानं बोलू नका. इकामा जाईल, गावी परत धाडतील."

पण सर्फराजला राहवेना. तो तडक मुदीरकडे, म्हणजे मरिनाच्या मॅनेजरकडे गेला आणि मोडक्या अरबीत सगळं कबूल केलं; पंप, दोर, ताडपत्री, पाच वर्षं. मुदीर भला माणूस. ओरडला नाही, चहा मागवला. मग म्हणाला की यादी मंजूर होऊन गेली, आता त्यात नाव घालता येत नाही. पुढची कमिटी येईल तेव्हा बघू, इन्शाल्ला. कधी येईल? इन्शाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला, की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही कामगारानं बोटीवर पाय ठेवू नये. कुणाला कामावरून काढलं नाही, कुणाचा पगार कापला नाही. रागवावं तरी कुणावर?

सदफच्या अंगावर पाण्यालगत एक निळा पट्टा होता, वीतभर रुंद. पंप बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो पाण्याच्या वर चार बोटंच राहिला. सर्फराज धक्क्यावरून रोज बघे. पंप हाताच्या अंतरावर होता. शिडीजवळचा कॅमेरा त्याहून जवळ. घरी दोन पोरींची लग्नं व्हायची होती, तेव्हा नोकरी पणाला लावण्याची ताकद त्याच्यात नव्हती. आपण भित्रे आहोत असं त्याला वाटे, आणि तसं वाटूनही तो धक्काच धूत राही.

"एकच उपाय आहे," नीलेश एकदा हळूच म्हणाला. "पुढच्या वेळी ती टाकून दिलेली दिसली पाहिजे. मी कमिटीला लवकर बोलवायचा प्रयत्न करतो."

निळा पट्टा दोन बोटं उरला, त्या दुपारी सर्फराजनं ते केलं. गाठी धक्क्यावरूनच सुटण्यासारख्या होत्या. त्यानं स्वतः मारलेल्या, बापाच्या गाठी. एकेक करून त्यानं त्या सोडल्या. ताडपत्री ओढून काढली, घडी घातली. घासलेल्या डेकवर ऊन सपकन पडलं. मग ओंजळीनं धक्क्यावरची माती उचलून त्यानं तिच्यावर टाकली, दोनदा. तिसऱ्यांदा जमेना.

तेवढ्यात फरहतचा फोन आला.

"जेवलात? सदफ कशी हाय?"

"उघडी केली मी तिला," तो म्हणाला.

फरहतनं दबक्या आवाजात विचारलं, "अवो, कोण गेलं?"

सर्फराजनं निळ्या पट्ट्याकडे पाहिलं.