ओटी भरून पाठवलेली होडी

डोळे मिटून पडलो की अजून मला ते पाणी दिसतं. सांगलीची कृष्णा, थंडीतली सकाळ, आणि धुकं इतकं की आपल्याच वल्ह्याचं टोक दिसू नये. नुसता आवाज. चार वल्ही एकदम पाण्यात शिरल्याचा, एकदम बाहेर आल्याचा. मधल्या वेळात होडी आपोआप सरकायची, आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही.

मी मेढ्याचा, डोंगरातला. पाण्याशी माझी ओळख वेण्णेच्या डोहापुरती. कॉलेजसाठी निघालो तेव्हा आईनं वेण्णेची ओटी भरली. सुपलीत खण, नारळ, मूठभर तांदूळ, हिरव्या बांगड्या. सुपली पाण्यावर सोडून म्हणाली, "ही फुडं किस्नाबाईला मिळती. थोरल्या भैनीला सांगंल, माझं प्वार सांभाळ म्हून." मी हसलो, तर पाठीत धपाटा बसला.

बोटक्लब हे माझ्या मित्राचं खूळ. तो सांगलीचाच, घाटावर वाढलेला, चणीनं एवढासा. लढाईचे दिवस, नवी होडी कुठली मिळायला? पण हा प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हात धुऊन मागं लागला आणि त्यानं पुण्याच्या एका कॉलेजची जुनी शर्यतीची होडी वर्षाच्या बोलीनं आणवलीच. लांब, अरुंद, नुसती शेंग. साहेबांनी बजावलं, "पुढच्या दसऱ्यानंतरच्या शर्यतीत घाटकऱ्या नावाड्यांना हरवा, होडी कायमची मागून घेतो. हरलात तर होडी परत, आणि क्लबही बंद."

त्या दिवसापासून मित्राला दुसरं काही सुचेना. घाटाच्या कडेला बांबू रोवून त्यानं होडीला छप्पर केलं, फळ्यांना तेल पाजलं. जेवताना बोलायचा तेही वल्ह्यांचंच.

आम्ही चौघं वल्हवणारे. या होडीत बसायचं उलटं, पाठ पुढं. पुढचं दिसायचं ते फक्त मित्राला. तो सुकाणू धरून आमच्याकडं तोंड करून बसायचा. पहिल्याच दिवशी घाटावरचा म्हातारा नावाडी पोट धरून हसला. "त्वांड मागं करून फुडं जानारी मानसं आज बघितली गड्या!"

धुणं धुणाऱ्या बायांना मात्र हसू येत नव्हतं. आमच्या अर्ध्या चड्ड्या बघून त्या नावाड्याकडं गाऱ्हाणं घालायच्या, "आवं मामा, ह्या उघड्या मांड्यांच्या पोरांस्नी सांगा की कायतरी! हितं लेकीबाळी असत्यात." मी तापट माणूस. एकदा उलट बोलायला गेलो, तर मित्रानं दंड धरून मागं ओढलं. म्हणाला, "घाट त्यांचा आहे. आपण पाहुणे."

शर्यतीच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरले होते. घाटकऱ्यांची होडी पलीकडच्या अंगाला, आमची घाटाकडून. अर्ध्या वाटेवर आम्ही पुढं निघालो, आणि उलटं बसण्याचं सुख मला तेव्हा कळलं. हरणारी होडी सतत डोळ्यांपुढं! लहान होत चाललेली. अहाहा! हात आपले आहेत हेसुद्धा विसरलो होतो. ऊन, पाणी, आरडाओरडा, सगळं लांबून आल्यासारखं वाटत होतं.

शेवट अगदी हाकेवर आला होता, आणि मित्र ओरडला, "वल्ही वर!"

अंगवळणी पडलेला हुकूम. चारही वल्ही वर गेली. होडी नुसती तरंगत राहिली, त्यानं ती हलकेच बाजूला वळवली. घाटकऱ्यांची होडी मोठी होत गेली, शेजारी आली आणि दिसेनाशी झाली. काठावर हलगी कडाडली.

"अरं, तुझं डोस्कं फिरलं का काय?" मी किंचाळलो. "जिंकलो व्हतो की आपण!"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. आमच्या वल्ह्याखालून एक सुपली डुलत चालली होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. घाटाच्या पायरीवर एक बाळंतीण तान्ह्याला छातीशी धरून पांढरीफटक उभी होती.

"ओटीवर वल्हं मारायचं नसतं," तो म्हणाला. "तुझ्या आईनं सोडली असती तर?"

माझा राग तिथंच विरघळला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

साहेब दिल्या शब्दाला जागणारे. आठवड्याच्या आत पुण्याची लॉरी घाटावर आली. आम्ही होडी चढवली, दोर आवळले. मित्र एकटाच रिकाम्या छपराखाली जाऊन बसला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, आणि वरून हाक आली, "थांबा वं!"

त्याच धुणं धुणाऱ्या बाया. हातात सुपली, पुढं ती बाळंतीण. तिनं लॉरीच्या चाकावर पाय देऊन होडीला हळदकुंकू लावलं, आत खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. ड्रायव्हर कावराबावरा झाला, तशी थोरली बाई त्याच्यावर खेकसली, "लेक सासरी धाडायची ती रिकाम्या ओटीनं व्हय रं?"

एवढे दिवस कोरडा राहिलेला माझा मित्र छपराखालून उठून आला, आणि होडीच्या लाकडावर कपाळ टेकून हुंदके देत रडला. मीही रडलो. लाज कसली त्यात?

होडी पुन्हा सांगलीला आली नाही. पण कॉलेज संपेपर्यंत आम्ही घाटावरून गेलो की धुणं थांबवून कुणीतरी विचारायचंच, "आमची लेक बरी हाय न्हवं पुण्यात?"

तिचं पुढं काय झालं, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. पण मित्र दर वेळी थांबायचा आणि सांगायचा, "बरी आहे, मावशी. तुमची आठवण काढते."