दुसऱ्यांच्या सतरंजीवर

त्या रविवारी मी माझ्या बापाला बायको बघायला घेऊन गेले. हे लिहिताना अजूनही मला हसू फुटतं, आणि तेव्हा तर औरादहून बिदरला पोचेपर्यंत मी गाडीत इतकी खिदळत होते की आत्यानं माझ्या मांडीला चिमटा काढला. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरात ताठ बसले होते, जणू त्यांना तहसीलला साक्षीला नेत होतो.

मी आदल्या दिवशीच हुमनाबादहून माहेरी येऊन बसले होते, कारण ऐनवेळी अप्पा शेतात पळतील याची मला खात्री होती. आई गेल्यापासून घर तेवढं नीट होतं, माणूस मात्र दिवसेंदिवस मुका होत चालला होता. मी गेले की ते चहा ठेवायचे, तो उतू जायचा, आणि ते गुपचूप फडक्यानं चूल पुसून टाकायचे. पूर्वी चहाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस हा! त्यांचं ते गप्प पुसणं बघून माझा जीव तुटायचा.

मग मी हट्टाला पेटले. आमच्या शरणांच्या, म्हणजे लिंगायतांच्या घरांत विधवेचा पाट लावणं काही नवं नाही, पण साठी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा बोहल्यावर चढ म्हणायचं म्हणजे मोठंच काम. खरं सांगायचं तर गुडघ्याला बाशिंग मीच बांधलं होतं, अप्पांनी नाही. वर्षभर त्यांच्या मागं लागले, रुसले, भांडले, जेवले नाही. शेवटी एका दुपारी ते म्हणाले, "एकदा येतो. जमलं तर जमलं. न्हाई तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. काढलास तर तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई."

अप्पा शब्दाचे पक्के. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसातच व्हायला हवं होतं.

स्थळ चिटगुप्प्याचं. बाई अप्पांहून थोड्या लहान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, भावाकडं राहणाऱ्या. त्यांच्या घरी जावं तर चिटगुप्प्याच्या बाजारभर बोभाटा, आमच्याकडं बोलवावं तर गल्लीतल्या बायका भिंतीवरून डोकावणार. हल्ली अशी बघणी देवळात नाहीतर बागेत उरकतात, नकार आला तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून दोघांना सोयीची, बिदरच्या किल्ल्यातली लाल बाग ठरली. स्थळ सुचवणाऱ्या पाहुण्यांना ऐनवेळी यायला जमलं नाही. त्यांनी फोनवर खूण सांगितली, "झाडाखाली बसलेले असतील. बाई, तिचा भाऊ, भावजय. डबा घेऊन येतील. चुकायचं कारणच न्हाई."

कारणच नाही म्हणे! पाडवा तोंडावर आलेला, रविवार, आणि निम्मं बिदर त्या बागेत डबा घेऊन झाडाखाली बसलेलं.

पण आत पाऊल टाकलं आणि मी खूण विसरले, बघणं विसरले. बाहेर रस्त्यावर नुसती लाल धूळ आणि ऊन. आणि इथं जुन्या कमानींच्या पायथ्याशी बोगनवेल नुसती उधळलेली. गुलाबांचे वाफे लाल, पिवळे, मधेच एखादा असा गुलाबी की त्याला चिमटा काढावासा वाटावा. झेंडू तर इतका की बघून डोळ्यांना गोड चव यावी. मला उगाचच वाटलं, सुलतानांनी ही बाग केली ती आमच्या अप्पांच्या बघण्यासाठीच. मी आत्याला तसं म्हणाले. आत्या म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? माणसं बघ, फुलं कामून बघायलीस?"

तेवढ्यात ती माणसं दिसली. मोठ्या झाडाखाली सतरंजीवर तिघं जण. एक मिशाळ गृहस्थ, एक हसरी बाई त्यांना वाढणारी, आणि जरा बाजूला लिंबाच्या रंगाच्या साडीतली, शांत चेहऱ्याची, पदर गळ्यापर्यंत ओढून बसलेली दुसरी बाई. आम्ही थबकून बघतोय हे पाहून गृहस्थ म्हणाले, "या की! उभं कामून? बसा, दोन घास खावा."

झालं. आत्या बसली, मी बसले. अप्पांनी एकवार त्या साडीकडं पाहिलं, त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि "पाणी पिऊन येतो" म्हणत ते जे कमानींमागं गेले ते दिसेनासेच झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हटलं, लाजतायत, येतील. तोवर आपण आपलं काम करू.

आता इथं आमच्या भागाची एक रीत सांगायला हवी. ताटावर बसलेल्या माणसाला तुम्ही कोण असं आम्ही विचारत नाही. आधी पोट, मग गाव, मग नाव. आणि कुणी समोरून जात असलं की जेवणारा माणूस त्याला "या, बसा" म्हणणारच. एरवी समोरचा "व्हय व्हय, तुमी घ्या" म्हणून पुढं जातो. आम्ही बसलो. त्यामुळं, हे आम्हाला मागाहून कळलं, त्या गृहस्थांना वाटलं ही बायकोच्या माहेरची माणसं, आणि बायकोला वाटलं ही नवऱ्याच्या भावकीतली. दोघांनाही आम्ही आठवेनात, आणि ते कबूल करण्याची लाज वाटून दोघं चढाओढीनं आम्हाला धपाटी वाढत सुटले. दही, शेंगाची चटणी, वर पुन्हा धपाटं.

"मऊ हायत," आत्या माझ्या कानात पुटपुटली. "बाई चांगली हाय."

मी लिंबू साडीकडं सरकले. गुडघे दुखतात का, झोप लागते का, म्हशीची भीती वाटते का, सगळं विचारून घेतलं. बाई गोड होत्या, एकेक उत्तर हसून देत होत्या. शेवटी मी धीर करून म्हणाले, "आमच्याकडं या आता. शेत हाय, विहीर हाय, आंब्याची झाडं हायत. करमंल तुमाला."

"येऊ की," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात येऊ."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतकं सोपं! वर्षभर मी उगाच घसा कोरडा केला. मला उठून नाचावंसं वाटत होतं. आणि आत्यानं, जिला आयुष्यात कधी गोष्ट अर्ध्यावर सोडता आली नाही, बोटं चाटत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उन्हाळ्यात कामून? पाडव्याच्या आत पाट लावून टाकू."

नेमके त्याच वेळी दोन्ही हातांत कुल्फ्या घेतलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. "कुणाचा पाट?" त्यांनी विचारलं.

ते त्या लिंबू साडीचे यजमान होते. कुल्फीच्या रांगेत उभे होते इतका वेळ. बाईंनी पदर जरा बाजूला केला, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. त्या हसायला लागल्या त्या इतक्या की धपाटं घशात अडकलं आणि त्यांच्या भावजयीला, म्हणजे त्या वाढणाऱ्या हसऱ्या बाईला, पाठीत धपके घालावे लागले. मिशाळ गृहस्थ बायकोला म्हणाले, "म्हंजे ही तुझ्याकडची न्हाईत?" बायको म्हणाली, "माझ्याकडची? मला वाटलं तुमच्याकडची!" आत्या तोंडावर पदर घेऊन "शिवा शिवा" करत बसली. कुल्फीवाले गृहस्थ आधी लालबुंद झाले, मग मान खाली घालून गदगदा हलू लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "मला सोडून कुणाकडं चालली होती, तो नवरदेव तर दावा," ते म्हणाले.

मी पण हसत होते, पोट दुखेपर्यंत. आणि हसता हसताच आठवलं. चिटगुप्प्याची माणसं! ती वाट बघून निघून गेली असली तर? किल्ल्याच्या त्या जाड भिंतींत फोनला रेंज नव्हती. अप्पांनी दिलेला एक दिवस मी दुसऱ्यांच्या सतरंजीवर बसून खाऊन टाकला होता, आणि अप्पा तर केव्हाच पसार. ते आता बस स्टँडवर जाऊन औरादची गाडी धरणार आणि सुटलो म्हणणार. मला अप्पांचा राग आला, खूण सांगणाऱ्या पाहुण्यांचा आला, त्या गुलाबांचासुद्धा आला.

"चला, हुडकू," मिशाळ गृहस्थ उठले. "आमचं मीठ खाल्लंय तुमी. आता तुमचं काम ते आमचं काम."

मग आमची वरातच निघाली. पुढं मी, मागं आत्या, तिच्यामागं गुंडाळलेली सतरंजी खांद्यावर टाकलेले मिशाळ गृहस्थ, दोघी नणंद-भावजया पदरानं डोळे पुसत, आणि शेवटी कुल्फ्या. एक माझ्या हातात आली होती, ती गळत होती. फोटो काढणारी पोरं आमच्याकडं वळून बघत होती. वाफ्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यानं पाइप बाजूला धरून आम्हाला वाट दिली.

बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या जुन्या पाटाच्या दगडी काठावर मला पांढरं धोतर दिसलं. शेजारी निळ्या साडीतल्या एक बाई. दोघांच्या मधे दोन भरलेल्या पिशव्या.

अप्पा बोलत होते. हातवारे करून बोलत होते. काहीतरी आडदांड बैलाची गोष्ट असावी, कारण त्यांनी डोकं खाली घालून ढुशी मारल्याचं दाखवलं, आणि त्या बाई खो खो हसल्या. अप्पाही हसले. आई गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मी जागच्या जागी उभी राहिले.

बाईंनी आम्हाला पाहिलं. "आल्या बगा तुमच्या लेकीबाई," त्या म्हणाल्या. "झालं का जेवण?"

ह्यांना सगळं ठाऊक होतं! भाऊ-भावजय आम्हाला बघायला दरवाज्याकडं गेलेली, बाई पिशव्या राखत बसलेल्या. अप्पा पाणी पिऊन दमून तिथं टेकले, दोन शब्द झाले आणि कोण कोणासाठी आलंय ते उघड झालं. तिथून कमानीतून आमची सतरंजी दिसत होती. "तुमी दुसऱ्याचं हाणायलाव, आमी बघत बसलाव," अप्पा म्हणाले.

"मग येऊन सांगायचं न्हाई?" मी ओरडले.

"तू कुणाला बोलू देतीस व्हय?"

तेवढ्यात भाऊ-भावजय धापा टाकत परत आली. हात जोडून एकमेकांना "शरणार्थी" म्हणून झालं, सतरंजी पुन्हा अंथरली, सगळे रीतसर बसले, आणि तिथंच घोटाळा झाला. माणसं जमली तशी ही दोघं मुकी झाली. अप्पा धोतराचा काठ बघत होते, बाई पाटातलं पाणी. आमच्यात असलं विचारणं कधी समोरासमोर होत नाही. भावानं आत्याला विचारलं, आत्यानं भावजयीला, भावजयीनं अक्कांचं, म्हणजे त्या बाईंचं, मन कसं हाय ते भावाला सांगितलं. शब्द नुसते इकडून तिकडं फिरत होते आणि अप्पांचा चेहरा पुन्हा तसाच, चूल पुसतानाचा होत चालला होता. मला तो चेहरा पाठ होता. निसटलं, मी मनात म्हटलं.

अप्पांनी घसा खाकरला. कुणाकडंही न बघता, थेट त्या बाईंना त्यांनी विचारलं, आणि तेही कन्नडात. अप्पांची कन्नड बैलबाजारातली, सौदा करण्यापुरती. तासभर मराठीत गप्पा मारून हा प्रश्न तेवढा त्यांनी बाईंच्या घरच्या बोलीत विचारला. "नम्म मनिगे बर्तीरेनु?" आमच्या घरी येता का?

बाईंचे डोळे भरून आले. पण उत्तर त्यांनी अप्पांना दिलं नाही. माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "तुमाला चालंल का? घर तुमच्या आईचं हाय."

वर्षभर मी सगळ्यांना विचारत फिरले होते. अप्पांना, आत्याला, भावकीला, नवऱ्याला. मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी चहाचा विचार केला होता, औषधांचा, आजारपणाचा. आईच्या फडताळातले डबे दुसरं कुणीतरी उघडणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते तिथं, त्या गुलाबांच्या मधोमध आलं, आणि मी लहान पोरीसारखी हंबरडा फोडून रडायला लागले. कुल्फी कोपरापर्यंत ओघळत होती आणि ती टाकायचंही मला सुचेना. "रडतीस कामून?" आत्या म्हणाली. मला काय माहीत!

अप्पा उठले. शांतपणे धोतर झटकलं. "चला," ते म्हणाले, "घरी जाऊ." ते खरंच निघाले होते. माझ्यासाठी ते तो विषय तिथंच सोडून, हसत घरी जाऊन पुन्हा गप्प राहिले असते.

मी चिकट हातानं त्यांचं धोतर धरलं. "बसा खाली, अप्पा." मग त्या बाईंना म्हणाले, "चालंल. लई चालंल. पण मला जरा रडू द्या."

त्यांनी मधल्या पिशव्या उचलून पलीकडं ठेवल्या आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.