सरहद्दीवर अडकलेलं मक्याचं बियाणं

आखातातल्या मनामाच्या एका बँकेत मी परदेशी व्यापाराचे कागद तपासायचो. सत्तरच्या दशकात केनिया आणि टांझानियामधली सरहद्द बंद झाली, तेव्हा माझ्या टेबलावर मक्याच्या बियाण्याचे कागद होते. माल नैरोबीचा, घेणारा पलीकडच्या, टांझानियातल्या अरुशातला एक गुजराती व्यापारी आणि पैशांची हमी आमच्या बँकेची. बियाण्याचे ट्रक सरहद्दीपाशीच थांबले होते.

एकदा त्या व्यापाऱ्याचा फोन आला. लाइन धड नव्हती, म्हणून तो ओरडून हिंदीत बोलत होता. "भाईसाब, पंधरा दिवसांत पाऊस येईल. शेतकरी रोज दुकानात येऊन बसतात. तुमच्या बँकेचं तरी कोणी ऐकेल ना?"

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद उलटून पाहिले. "कागदांत चूक नाही. सरहद्द काय आपण उघडणार? आपलं काम खलास." ते खरंच होतं. तरी मी नैरोबीच्या माल पाठवणाऱ्याला दोनदा टेलेक्स केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, वाट पाहा.

महिन्याभराने व्यापाऱ्याचाच टेलेक्स आला. ट्रक नैरोबीला परत गेले होते, पेरणीचे दिवस सरले होते, व्यवहार रद्द करावा. मी शिक्का मारला आणि कागद फाइलला लावले.

मनामातल्याच नईम भागातल्या घरी जेवताना बायकोला हे सांगितलं. ती चिपळूणजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. तिचा हात ताटातच थांबला. "मग त्या लोकांनी पेरलं काय?"

महिनाभर मी त्या बियाण्यामागे होतो, पण हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. फाइल तर बंद झाली होती, आता विचारणार तरी कोणाला?