जेवलं म्हणजे जमलं

आमच्याकडे पोरीसाठी घर पाहायला जाणती माणसं जातात. विहिरीचं पाणी चाखतात, धानाच्या कोठीत डोकावतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हळूच विचारतात. चहा घेतात, पण जेवत नाहीत. जेवलं म्हणजे जमलं, अशी आमच्या घरची रीत. मनात नसताना भातावर हात मारला, तर मग तोंड लपवायला जागा उरत नाही. लेकीसाठी विद्यापीठ पाहायला निघालो, तेही आम्ही याच थाटात निघालो.

लेक बारावी झाली आणि मानसशास्त्रच शिकायचं म्हणून अडून बसली. दक्षिणेकडच्या एका कॅथलिक विद्यापीठाची परीक्षा तिनं घरबसल्या दिली आणि पासही झाली. भंडाऱ्याजवळच्या शहापुरात आमचं खताबियाण्यांचं दुकान, तेही हायवेवर. म्हणजे सल्ला द्यायला येणाऱ्याजाणाऱ्याला वेळच वेळ. सगळ्यांचं एकच, "मिशनवाल्याइची शिस्त लय कडक राहते, डोळे मिटून टाका पोरीले." डोळे मिटून मी कधी बैलजोडीसुद्धा घेतली नाही.

पण खरा प्रश्न माझा नव्हताच. घरात शब्द चालतो तो दादांचा, माझ्या थोरल्या भावाचा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो, मला त्यांनीच वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही. माझी लेक म्हणजे त्यांचा जीव. वहिनी गेल्यापासून त्यांचं ताट तीच वाढायची आणि ताटाला ताट लावून शेजारी जेवायची. दुसऱ्या कुणी वाढलं तर मीठ कमी, भात गार, शंभर तक्रारी. दादा हो म्हणाले तर पोरगी जाणार, नाही म्हणाले तर भंडाऱ्याचं कॉलेज. इतकं सरळ होतं.

दादा म्हणाले, "पाहून येऊ. मानसं कशी हायेत ते पाहाले पायजे ना."

गेलो तिघं. दादांनी विद्यापीठ अगदी घर पाहावं तसंच पाहिलं. होस्टेलच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला. फाटकावरच्या चौकीदाराला मोडक्यातोडक्या हिंदीत, पोरी संध्याकाळी किती वाजता आत येतात ते विचारलं. ग्रंथालयाच्या दारात आपणहून जोडे काढले. "घर चांगलं हाय बे," माझ्या कानात म्हणाले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

आम्हाला फिरवत होत्या त्या सिस्टर साठीच्या असाव्यात. हिंदी बोलायच्या. दुपारी त्यांनी मेसमध्ये नेलं आणि स्वतःच्या हातानं तीन ताटं वाढली. भात, सांबार, कोबीची भाजी. दादांनी हात जोडले. "नही, नही." मीही तेच केलं. अजून ठरलं कुठं होतं? सिस्टरांचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाईसाब, रसोई में हिंदू औरतें भी हैं. हमारे हाथ का नहीं चलेगा तो वो परोस देंगी."

मी उडालोच. आम्ही काय समजतो आणि लोक आम्हाला काय समजतात! लेकीची मान तर टेबलाला लागायची बाकी होती. मी घाईघाईनं रीत सांगितली. तसं काही नाही हो सिस्टर, पोरीसाठी घर पाहायला गेलो, की होकार दिल्याशिवाय आम्ही तिथं जेवत नाही. त्या अशा हसल्या, की शेजारच्या टेबलावरची पोरं वळून पाहायला लागली. "तो जल्दी हाँ बोलिए, चावल ठंडा हो रहा है!"

मी लेकीकडे पाहिलं. ती केव्हाचीच हो म्हणून बसली होती.

"दादा, घर तं पसंत हाय ना?"

"हाव."

"मंग जमलं. बसा."

दादा बसले नाहीत. "पोरीले ठेव इथं. शिकू दे. मी नाई जेवत."

"काहून?"

"ख्रिश्चन लोकाइच्या हातचं मी खात नाई." अगदी शांतपणे म्हणाले, जसं काही मला हे ठाऊकच असावं.

सिस्टरांना मराठी येत नसेल, पण त्यातला एक शब्द सगळीकडे सारखाच. त्यांनी दादांचं ताट उचललं. राग नव्हता. त्यांना हे नवीन नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. भर बाजारात कुणी कानफटात मारावी तसं झालं. ज्या रीतीची मी तोऱ्यात वकिली केली, तिच्या आड हे दडून बसलं होतं! धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर सगळ्या बायामाणसांत बसून जेवणारा हा माणूस. मग आठवलं, शिदोरी मात्र नेहमी स्वतःचीच सोडायचा. जन्मभर एका पंक्तीत जेवलो आणि मला पत्ता नाही.

लेक बसली. तिनं भात कालवला, घास घेतला, गिळला.

"मोठे बाबा, मी जेवली. आता तीन वर्सं इथंच जेवीन. घरी आल्यावर माह्या हातचं जेवान ना तुमी?"

दादा बाहेर जाऊन पायरीवर बसले.

परतीच्या गाडीत कुणी विषय काढला नाही. प्रवेश झाला, आणि तयारीच्या धावपळीत दादांचं ताट कोण वाढतं याकडे माझं लक्षच गेलं नाही. तिची बॅग दादांनीच घेऊन दिली, स्टेशनवर डोळेही पुसले. मी मनाची समजूत घातली, की जागा परकी होती, म्हातारा माणूस बावचळला. घर ते शेवटी घर.

दिवाळीनंतर मंडईला लेक आली. मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, घरोघर पाहुण्यांचा लोंढा, दुपारी मटण, रात्री नाटक. सकाळी दादा स्वतः जाऊन मटण घेऊन आले. तिला नळी आवडते म्हणून खाटकाशी हुज्जत घालून दोन जास्तीच्या आणल्या. दुपारी पाहुणे जेवायला बसले, तेव्हा तिनं ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि आपलं ताट घेऊन शेजारी बसली.

दादा रश्श्याकडे बघत राहिले. "आज माहा उपास हाय," म्हणाले.

मंडईच्या दिवशी! त्या दिवशी आमच्या गावात देवसुद्धा उपाशी राहत नसेल. ओसरीवरचे पाहुणे घास हातात धरून थांबले.

पोरगी जागची हलली नाही. "बरं," म्हणाली. "अन् उद्या?"

दादांचे डोळे भरून आले होते. हात ताटाच्या कडेपर्यंत गेला. मला वाटलं, आता घास घेतील.

"उद्याबी," ते म्हणाले.