चिंध्या बांधलेली सात रोपं

जळोचीच्या महिपतीच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली. पैदाशीला कोणता एडका ठेवायचा, हे त्याला लांबूनच कळायचं. पुढं कळप गेला, शेती आली, पण ती नजर नातवात उतरली. महिपती ती मटारावर चालवायचा. लोक त्याला येडा म्हणायचे आणि बी मागायला मात्र त्याच्याच दारात यायचे!

त्याच्या घरच्या मटाराचा दाणा भलता गोड, पण भुरीचा रोग आला की पानं पिठात लोळवल्यासारखी पांढरी पडायची. दुसरं एक वाण भुरीला दाद देत नसे, पण चवीला अगदीच पिठूळ. या दोघांचं लग्न लावायचंच, असं त्यानं मनावर घेतलं. हात मात्र बायकोचे, सारजाचे. उमलायच्या आतली कळी सुईनं उघडायची, आतले केसर अलगद खुडायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. महिपतीच्या जाड बोटांत कळीचा चुराच व्हायचा. मग येईल त्यातून दरसाल चांगली रोपं निवडायची आणि पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून राखायची. अशी आठ वर्षं गेली.

शहाण्णवच्या जानेवारीत सगळं रान भुरीनं माखलं, पण सात रोपं हिरवीगार राहिली. सारजानं हरखून त्यांना आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या.

"एक दाणा तरी चाखू द्या की. गोड हाय का न्हाय ते कळंल."

"बियाणं हाय ते, वाळू दे. पुढच्या साली पोटभर खा."

ती हसली. चार दिवसांत तापानं गेली.

दहाव्याला कऱ्हेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. महिपतीनं हात जोडले, "तुझी रोपं मी जपीन." तरी शिवेना. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा भिगवणला दिलेली त्याची बहीण फुलाबाई पुढं झाली आणि तिनं डब्यातली मटारची उसळ पानावर वाढली.

"वैनीच्या रोपांची हाय, दादा. बाकीचं रान तोडलेलं, ह्या सातांनाच शेंगा व्हत्या. लुगडं वळखलं मी. तिचीच म्हणून पहाटं समद्या काढल्या."

महिपती बहिणीला बोलणार तरी काय? तिनं मायेनं शिजवलं होतं, आणि शिजलेला दाणा काही उगवत नाही.

तेवढ्यात कावळा उतरला. त्यानं एक दाणा उचलला, मग दुसरा. "ह्यातच जीव अडकला व्हता बाईचा," म्हणत फुलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. माणसं सुटल्यागत उठली.

महिपती बसूनच राहिला. आठ वर्षं मातीत गेली, पण त्याला आठवत होता तिनं मागितलेला तो एक दाणा. एका दाण्यानं काय बियाणं संपणार होतं? त्यानं पानाकडं पाहिलं आणि लहान पोरासारखा रडत विचारलं,

"सारजे, गोड हाय का गं?"