दिपालीचे पैसे ऑकलंडला

माझ्या नणंदेला, दिपालीला, छत्तिसाव्या वर्षी नवरा मिळाला आणि सगळ्या वेसावे कोळीवाड्याला वाटलं, चला, हिचं घोडं गंगेत न्हालं. कसलं काय! खरं रामायण पुढेच होतं.

दिपाली म्हणजे आमच्या घरातली वाघीण. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, साफ करायची आणि स्कूटरवरून अंधेरीच्या सोसायट्यांमध्ये पोचवायची. गिऱ्हाईक सगळं व्हॉट्सॲपवर. कुणी "पापलेट ताजं आहे ना?" विचारलं की म्हणायची, "शिळं देऊन उद्या तोंड कुठे लपवू?" यातूनच तिने बँकेत स्वतःची चांगली पुंजी जमवली होती.

यज्ञेश मूळचा वाकोल्याचा, आता ऑकलंडमध्ये बस चालवतो. पहिली बायको आजारात गेली. माणूस साधा, हसरा. लग्न तिकडेच करायचं ठरलं, दिपालीचा व्हिसाही आला. मग एकदा फोनवर तो सहज बोलून गेला, "तुझे पैसे माझ्या खात्यात पाठव ना. इथे तुझं खातं कुठे आहे अजून? उगाच लफडी नकोत."

माझा नवरा निमेश म्हणाला, "बरोबर बोलतोय. नवराच आहे ना तो!"

मी घाटकोपरची. माझ्या माहेरी पैसा बाबांच्याच हातात असायचा. तरी माझं डोकं सटकलं. "अजून झालेला नाही," मी म्हटलं.

सासूबाई, अंजनाबाई, सुकट निवडत बसल्या होत्या. त्या सूप आपटून उठल्याच. "कोळणीचा पैसा नवऱ्याच्या खात्यान? उलटंच चाललंय गो सगलं!" माझ्या या सासरी, कोळ्यांच्यात, पुरुष मासळी आणतो, बाई विकते आणि पैसा बाईच्या कमरेला. सासरे होते तोवर विडीचे पैसेसुद्धा बायकोकडे मागायचे आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. यज्ञेश काही कोळी नाही, त्याला बिचाऱ्याला हे कुठून माहीत असणार?

दिपाली मात्र उठून भांडी घासायला लागली. मला ते बघवेना. स्वयंपाकघरात गाठलं तिला.

"काय गं, भांडत का नाहीस?"

"वहिनी, नाही म्हटलं आणि तो मागे फिरला तर? आता परत कोण मला विचारणार?"

"आणि उद्या तिकडे साध्या साबणासाठी त्याच्यापुढे हात पसरावा लागला तर?"

ती रडली. मीही रडले. खोटं कशाला बोलू, तिचं लग्न मोडलेलं मलाही नको होतं.

दुपारी तिने आमच्यासमोरच फोन लावला. "यज्ञेश, लग्न मला तुझ्याशीच करायचंय. पण माझे पैसे माझ्याच नावाच्या खात्यात येतील. जमत नसेल तर आत्ताच सांग."

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग दोन दिवस काहीच नाही. ना फोन, ना मेसेज. निमेश मला म्हणतो, "लावलीत ना वाट?" त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही. घे म्हटलं हाताने.

अखेर फोन आला, तोही सासूबाईंना. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"आई, इथल्या बँकेत जाऊन आलो. तिचं खातं तिकडूनच उघडता येतं. पैसे आधी पाठवायचे, ती पोचली की वापरायला मिळतील." मग म्हणाला, "माझी आई भाजीला पैसे मागायची ना, तेव्हा बाबा आधीच्या पैशांचा हिशेब विचारायचे. आम्हा पोरांसमोर. मान खाली घालून उभी राहायची ती. हे मी विसरलो कसा?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरगा चांगला हाय गो," त्या म्हणाल्या. दिपालीने फोन त्यांच्या हातातून ओढूनच घेतला आणि गॅलरीत पळाली.

पैसे पाठवायला बँकेत गेलो तेव्हा सासूबाई अंगभर सोनं घालून, केसांत वेणी माळून आल्या. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर बघून वाचलं, "पाठवणार, दिपाली. घेणार..." तो थांबला. "मॅडम, दोन्हीकडे तुमचंच नाव आहे. बरोबर ना?"

"बरोबर आहे," दिपाली म्हणाली.

सासूबाई पुढे वाकल्या. "परत वाच रं बाबा. जरा मोठ्यानं."