बे चांदला काढजो

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे नातेवाईक फळं घेऊन त्यांना भेटून आले. मी गेले नाही. फळं घेऊन गेलं की सोफ्याच्या कडेवर बसायचं, डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचं, अर्धा कप चहा प्यायचा आणि 'काळजी घ्या' म्हणून उठायचं. असं मी परक्यांकडे जाते. ताईंकडे असं गेले असते तर त्याही परक्या झाल्या हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते मला अजिबात करायचं नव्हतं.

तसं पाहिलं तर आमचं भांडण नव्हतंच. भांडण नवऱ्यांचं. सासरे कोणाकडे राहणार यावरून दोघे भाऊ एकमेकांना नको नको ते बोलले, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एकत्र बिऱ्हाड सोडून थोरले पादरा रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. पुढे सासरे वारले, भावांनी दसऱ्याला एकमेकांना सोनं दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्रिकेटवर बोलायला लागले. पुरुषांचं बरं असतं. आम्ही दोघी आपापल्या नवऱ्याच्या बाजूने गप्प बसलो होतो, त्या तशाच राहिलो. लग्नकार्यात भेट व्हायची. 'कशी आहेस?' 'बरी आहे. तुम्ही?' की झालं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. झालंच नाही, तर मिटवणार काय?

त्याच दिवसांत माळा आवरताना व्हिडिओ गेमचा डबा सापडला. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची खाच असलेला, वायरवाल्या दोन रिमोटांचा. मूळचा पांढरा, आता पिवळा पडलेला. दोघा भावांनी हौसेने घेतला होता आणि महिनाभरात त्यांची हौस फिटली. मग तो आम्हा दोघींचा झाला.

मी सोलापूरहून लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा मला गुजरातीचा गंधही नव्हता. नवरा रिफायनरीत पाळीवर जायचा. भाजीवालीशी बोलायचं तरी मला धडकी भरायची. ताई इथल्याच, बडोद्यातच जन्मलेल्या. त्या माझ्या वतीने भाजी घ्यायच्या, रिक्षावाल्याशी वाद घालायच्या, आणि दुपारी सासूबाई झोपल्या की टीव्हीचा आवाज बंद करून डबा लावायच्या. रणगाड्यांचा खेळ होता. शत्रूचे रणगाडे येतात, आपला किल्ला वाचवायचा. मी पुढे घुसायची आणि ताई किल्ल्यापाशी राखण करायच्या. मी मेले की त्या हळू आवाजात मला शिव्या घालायच्या, त्याही गुजराती. माझं गुजराती तिथून सुरू झालं.

दोन्ही रिमोट दिसायला सारखे, पण एकाचं गोळीचं बटण अडकायचं. ताई चलाखी करून चांगला रिमोट घ्यायच्या आणि मग 'अगं, तुझं नशीबच खराब' म्हणायच्या. मी एकदा चिडून खेळायचंच सोडलं. तेव्हा त्यांनी नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. चांगल्या रिमोटवर माझा राणी रंगाचा ठिपका, अडकणाऱ्यावर त्यांचा कॉफी रंगाचा. ज्याची वायर जिथे खोचायची, तिथे डब्याच्या झाकणावरही तसेच दोन ठिपके. त्यांना आम्ही चांदले म्हणायचो, कपाळावरच्या टिकलीला गुजरातीत म्हणतात तसे. चांगला रिमोट त्यांनी मला आपणहून दिला होता. घरात नव्याने आलेल्या मुलीला ते केवढं वाटलं, ते त्यांना मी कधी सांगितलं नाही.

आता माझ्या डोक्यात आलं की फळांऐवजी हा डबा न्यायचा. त्यांना घरात बसून दिवस काढायचे होते. पण पिवळा, मुका, मेलेला डबा आजारी माणसाच्या घरी नेण्यात काय अर्थ?

"भंगारात दे," नवरा म्हणाला.

"तुमच्या भावाच्या घरी न्यायचाय."

"मग रंग लावून ने," तो घाईघाईने म्हणाला.

लहरीपुऱ्याच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुने गेम सजवून देतो अशी पाटीच त्याने लावली आहे. कॉलेजची पोरं तिथे गर्दी करून असतात. मी पिशवीतून डबा काढल्यावर दुकानदाराने तो दोन्ही हातांनी उचलून घेतला. आत दिव्यांची पट्टी बसवतो, म्हणाला, कडेने उजेड येईल. कॅसेटच्या जागी छोटं कार्ड टाकतो, सगळे गेम त्यात मावतील. नव्या टीव्हीला जोडायची डबीही देतो. रंग कोणता? मी मोरपंखी सांगितला. ताईंच्या निम्म्या साड्या मोरपंखी आहेत.

मग मी मुद्द्याची गोष्ट सांगितली. रंगाखाली ते दोन ठिपके झाकले जाणार, हे मला दिसत होतं. तेव्हा रंग झाल्यावर ते पुन्हा तिथेच काढायचे. माझं गुजराती म्हणजे मराठी वाक्याच्या शेपटीला 'छे' बांधलेलं. पण ते मी ठणकावून बोलते.

"भाई, ऊपर आ बे चांदला छे ने, ते बराबर काढजो."

"चिंता ना करो, बेन," तो म्हणाला. "फर्स्ट क्लास काढी आपीश."

आठवड्याने गेले तर डबा ओळखू येईना. गुळगुळीत मोरपंखी, कडेने निळसर उजेड, रिमोटसुद्धा नवेकोरे. मी झाकण उलटसुलट करून पाहिलं. चांदले नव्हते, रिमोटवरचेही नाहीत.

"भाई, चांदला?"

"काढी नाख्या!" तो खूश होऊन म्हणाला. "घसीने, पुट्टी भरीने. जुओ, निशान पण नथी."

मी त्याच्यावर जोरात ओरडले. अर्धं मराठीत, अर्धं त्या माझ्या गुजरातीत. तो बिचारा हात जोडून म्हणत होता की बेन, तुम्हीच म्हणालात काढजो, मी काढले. आणि एकदम माझी ट्यूब पेटली. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, मेंदी काढतो. गुजरातीत काढ म्हटलं की काढून टाकतात. इतकी वर्षं बडोद्यात राहून मी एका माणसाला, चांगलं बजावून, ताईंनी केलेली खूण पुसायला लावली होती. मला हसू यायला हवं होतं. पण मला रडू आलं, तेही त्या कॉलेजच्या पोरांसमोर.

घरी राणी रंगाची बाटली होती. पुन्हा ठिपके द्यायला काय लागतं? पण ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला. ते ठिपके ताईंनी दिले होते. मी दिले असते तर ती ताईंची खोटी सही झाली असती. आणि तसाच नेला, तर ताईंना काय वाटेल? हिने माझी खूण पुसली, वरून झगमगाट केला आणि मला दाखवायला आणला. बोलणं आधीच दोन वाक्यांवर आलेलं. तेही बंद व्हायचं. डबा दोन दिवस टेबलावर पडून होता आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होते.

"आता रंगवून पुन्हा माळ्यावर टाकणार का?" नवऱ्याने विचारलं. त्याच्यावर चिडूनच मी रिक्षा बोलावली.

ताई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. केस पिकले होते, चेहरा उतरला होता. मी आल्याचं त्यांना नवल वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही.

"आव आव, बस ने," त्या म्हणाल्या. "फळं कुठे तुझी?"

"नाही आणली."

मी डबा टीव्हीला जोडला, बटण दाबलं. निळसर उजेड भिंतीवर पडला. ताई बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला, मी डबा मांडीवर दिला. त्यांचा अंगठा झाकणावर बरोबर त्या जागी गेला आणि तिथेच थांबला.

"चांदले?"

"काढले," मी म्हणाले. आणि जीभ चावली.

"काढून टाकलेस?" त्यांचा आवाज खाली गेला. "हा ने, बरोबर. जुनं कशाला ठेवायचं."

"ताई, तसं नाही! मी त्याला पुन्हा काढायला सांगितलं होतं."

"एटले? काय सांगितलंस? जसं बोललीस तसं सांग."

मी सांगितलं. शब्द न् शब्द, ठणकावून, बराबरसकट, त्याच्या उत्तरासकट.

ताईंनी आधी डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या की गुडघा धरून 'अरे बाप रे, टाके, टाके' करायला लागल्या, आणि तरी थांबेनात. "फर्स्ट क्लास काढी आपीश," त्या मध्येच म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही हसत होते. हसताहसता कधी रडायला लागले, कळलं नाही. ताईंनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

मग खेळलो. कार्डात शेकडो गेम, त्यातून आमचा रणगाड्यांचा शोधायलाच बराच वेळ गेला. दोघींची बोटं चालेनात, चष्मे सारखे घसरत. पहिल्याच फेरीत किल्ला पडला. ताईंनी मला तीच जुनी शिवी घातली.

"ताई," मी पडद्याकडे बघतच विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं घरी का नाही आलात?"

"तू कुठे बोलावलंस?"

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात."

"कशावरून?"

मला एकही कारण सांगता येईना. "आणि तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं तू रागावलीस," त्या म्हणाल्या. "मलाही कारण नव्हतं गं. मी खूप शोधलं."

पडद्यावर रणगाडे आपापले फिरत होते. आम्ही कोणीच बटण दाबत नव्हतो. त्यांच्या बाईने चहा आणून ठेवला, तो मी पूर्ण कप प्यायले.

निघताना मी डबा नीट टीव्हीखाली ठेवला, दोन्ही रिमोट वायर गुंडाळून त्यावर ठेवले. चप्पल घातली तेव्हा ताईंनी पलंगावरून हाक मारली.

"एक रिमोट घेऊन जा."

"का?"

"दोन्ही इथे राहिले तर तू येणार नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि मला एकटीला खेळता येत नाही."